स्नोकाइटिंगसाठी हार्नेस: कंबरेचा चालेल की सीटचाच घ्यावा?

मुलुंडची_वाऱ्यावर

नमस्कार. मार्चमध्ये नॉर्वेच्या हार्डांगरविद्दा पठारावर स्नोकाइटिंगला, म्हणजे पायात स्की घालून मोठ्या काइटच्या (पतंगाच्या) ओढीवर बर्फावरून घसरायला, जायचं नक्की झालं आहे. ओस्लो-बर्गन रेल्वेने हाउगस्टोलला उतरायचं, तिथे एका स्कूलबरोबर सुरुवात करायची आणि हवामानाने साथ दिली तर पुढे फिन्सेच्या दिशेने पठारावर जायचं. तिकिटं झाली, व्हिसाचे कागद गेले. अडलं आहे ते हार्नेसपाशी.

काइट मला नवी नाही. रामेश्वरमजवळच्या मंडपमला शिकले, दोन्ही बाजूंना नीट जाता येतं, वाऱ्याच्या वर चढून निघालेल्या जागी परत येता येतं. स्की मात्र गुलमर्गच्या बेसिक कोर्सएवढीच.

माझ्याकडे कंबरेचा हार्नेस आहे, आत निओप्रीन, पुढे स्टीलची स्प्रेडर बार (आडवी दांडी) आणि तिच्यावर काइट अडकवायचा हुक. पाण्यात तासभर झाला की तो वर सरकतो आणि बारची कड खालच्या बरगड्यांवर बसते. संध्याकाळी खोल श्वास घेतला तरी दुखतं. वय ४३, उंची १५८ सेमी, कंबर आणि नितंब यांच्या मापात बराच फरक, आणि दुसऱ्या बाळंतपणापासून पाठीचा खालचा भाग नाजूक आहे. पठारावर रोज चार-पाच तास काइट ओढणार, म्हणून आताच विचार करते आहे.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. हाच कंबरेचा हार्नेस न्यावा. पायांत पट्टे असलेला सीट हार्नेस नवा घ्यावा. किंवा भावाचा क्लाइंबिंगचा हार्नेस न्यावा, जो आम्ही नागफणीला रॅपलिंगसाठी वापरतो. तो हलका आहे, अंगावर नीट बसतो, आणि काही स्नोकाइटर क्लाइंबिंग हार्नेसला कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) लावून काइट उडवतात असं व्हिडिओत पाहिलं आहे.

मुंबईत हे घालून बघायला दुकान नाही, मागवायचं तर न बघताच मागवावं लागणार. ज्यांनी बर्फावर काइट उडवली आहे किंवा ज्यांना हार्नेसची खरी माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

केळवे_किनारा

कंबरेचाच घ्या, पण कडक पाठीचा. मिस्टिक, आयन, राइड इंजिन या सगळ्यांचे हार्डशेल येतात. मऊ हार्नेस ओढ लागली की दुमडतो आणि कंबर आवळतो. कडक पाठीमुळे दाब सगळीकडे पसरतो. मी मऊवरून हार्डशेलवर आलो आणि बरगड्यांचा त्रास बंद झाला. फक्त पाठीचा बाक तुमच्या पाठीशी जुळला पाहिजे, नाहीतर कड टोचते. सीट हार्नेसमध्ये मोकळेपणा जातो, वळताना अडकल्यासारखं होतं.

दोरावरचा_परळकर

ताई, हार्नेसमध्ये लटकणं हा माझा रोजचा धंदा आहे म्हणून जरा लांबच लिहितो. लोअर परळ, बीकेसीकडच्या टॉवरच्या काचा, सीलंट, फसाडची दुरुस्ती अशी रोप ॲक्सेसची, म्हणजे दोरावर लटकून करायची, कामं करतो, त्याचं आयराटा लेव्हल २ प्रमाणपत्र आहे. मध्यंतरी स्टाव्हांगरला कंत्राटावर होतो, तिथल्या सोबत्यांनी हाउगस्टोलला नेलं आणि बर्फावरची काइट तिथे शिकलो.

वरच्या दादांनी हार्डशेलबद्दल लिहिलं ते पाण्यासाठी पटतं. बर्फावर अंग वेगळ्या पद्धतीने उभं असतं, त्यामुळे हिशेब बदलतो. माझं मत सरळ सांगतो: तुमच्या पाठीसाठी आणि या प्रवासासाठी सीट हार्नेस घ्या. गादी किती जाड आहे हे सगळ्यात शेवटी बघा. ओढ शरीरात कुठून शिरते हे आधी बघा.

उभ्या माणसाचा तोल बेंबीच्या थोडा खाली, ओटीपोटात असतो. कंबरेच्या हार्नेसचा हुक बेंबीपाशी येतो, आणि हार्नेस सरकला की त्याच्याही वर जातो. पाण्यावर तुम्ही मागे एवढ्या रेललेल्या असता की दोरीची ओढ आणि शरीर जवळजवळ एका रेषेत येतात, म्हणून ते चालून जातं. स्कीवर तुम्ही बऱ्यापैकी ताठ उभ्या असता. मग तोलाच्या वर लागलेली ओढ छाती पुढे खेचते आणि ती मागे धरायचं काम कमरेच्या मणक्यालगतचे स्नायू करतात. चार तास, न थांबता. सीट हार्नेसमध्ये हुक बेंबीच्या खाली बसतो, ओढ खुब्यांत जाते, तुम्ही गुडघे वाकवून त्यात बसता आणि पाय ती ओढ स्कीच्या कडेवर उतरवतात. नाजूक पाठीला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

आता सरकण्याचं. कंबरेच्या हार्नेसला वर जाण्यापासून रोखणारं काय असतं? कंबरेचा आकार आणि घर्षण, एवढंच. मंडपमला तो ओल्या कातडीला किंवा वेटसूटला चिकटून राहतो, तरी तुमचा सरकतो. बर्फात आत थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर गुळगुळीत नायलॉनचं जॅकेट. नायलॉनवर नायलॉन टिकत नाही. शिवाय जाड कपड्यांनी कंबरेचा खळगा भरून जातो, म्हणजे हार्नेसला अडकायला आकारही उरत नाही. बरगड्या सगळ्यात जास्त कधी दुखतात हेही लक्षात घ्या: वेगात असताना नाही, थांबलेलं असताना. सोबत्याची वाट बघताय, सुटलेली स्की लावताय, काइट घड्याळातल्या बाराच्या जागी, म्हणजे सरळ डोक्यावर, धरली आहे आणि ओढ सरळ वर आहे. तेव्हा हार्नेस काखेकडे निघतो. मांडीचे पट्टे तिथेच त्याला खाली धरून ठेवतात.

थंड हवा जड असते म्हणून बर्फात काइट जास्त ओढते, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. मंडपमची ३० अंशांची हवा आणि पठारावरची उणे १० अंशांची हवा यांच्यात घनतेचा फरक साधारण १५ टक्के, हे खरं. पण फिन्से स्टेशन १,२२२ मीटरवर आहे आणि तेवढ्या उंचीवर दाब कमी असल्यामुळे तो फायदा जवळजवळ सगळा जातो. खरा फरक घसरणीचा. बर्फावर स्कीला अडवणारं फारसं काही नसतं, त्यामुळे लहान काइटवर काम होतं आणि सरासरी ओढ पाण्यापेक्षा सौम्य राहते. तिथे हार्नेसचा त्रास जोराच्या झटक्यांपेक्षा तासन्‌तास चालणाऱ्या हलक्या ओढीने होतो. माझ्या कामातही तेच. ज्या हार्नेसमध्ये पाच मिनिटं छान वाटतं तो दुपारी छळतो.

भावाच्या क्लाइंबिंग हार्नेसबद्दल. तो पडणारा माणूस झेलण्यासाठी बनवलेला असतो, त्या कामात उत्तम. लोक तो बर्फावर वापरतात, हेही बरोबर, विशेषतः जिथे हिमनदीवर दोर बांधून चालायचं असतं तिथे. पण त्याला स्प्रेडर बार नसते. पुढच्या एका लूपमध्ये सगळी ओढ येते आणि पट्टा दोन्ही खुबे आत दाबतो. बारचं कामच ते आहे, दोन्ही बाजू एकमेकींपासून लांब धरून ठेवण्याचं. शिवाय काइट बाजूला गेली की क्लाइंबिंगचा पट्टा अंगावर तिरका फिरतो. आणि सगळ्यात मोठी अडचण कॅराबिनरची. चिकन लूप, म्हणजे काइटचा हुकात अडकणारा फास, काइट डोक्यावर आणून हुकातून हाताने काढता येतो. स्क्रूचा कॅराबिनर ओढ असताना उघडत नाही, ओला होऊन गोठला तर ओढ नसतानाही उघडत नाही. मग सुटका फक्त हातातल्या कंट्रोल बारवरच्या क्विक रिलीजने, म्हणजे ढकलताच काइटची ओढ सोडणाऱ्या कळीने. तो चालतोच, पण जाड मिटन घालून तो ढकलण्याचा सराव इथेच करून जा. माझ्या सोबत्यांपैकी जे क्लाइंबिंग हार्नेस वापरत ते सगळे जुने, हाताला सवय झालेले लोक होते. पहिल्या बर्फाला तो नको.

उलट बाजूही सांगतो. काइटचा सीट हार्नेस क्लाइंबिंगला किंवा नागफणीला वापरायचा नाही. क्लाइंबिंग हार्नेसला ईएन १२२७७ आणि आमच्या सीटच्या हार्नेसला ईएन ८१३ असे चाचणीचे मानक असतात. साध्या काइट हार्नेसवर असा शिक्का नसतो, पडणं झेलण्यासाठी तो तपासलेला नसतो.

आता मुंबईत बसून तपासायचं कसं? परत करता येईल अशाच ठिकाणाहून मागवा. आला की सगळे कपडे चढवा, थर्मलपासून जॅकेटपर्यंत, एसी लावा, आणि त्यावर हार्नेस घाला. पुल-अप बार किंवा वजन पेलणारी पक्की तुळई शोधा. खिडकीच्या ग्रिलला मुळीच बांधू नका. बारवरून दोराचा फास हुकात घ्या आणि गुडघे वाकवून त्यात वजन टाका. पाय जमिनीला टेकलेलेच हवेत आणि घरातलं कोणीतरी समोर हवं. हार्नेसमध्ये हालचाल न करता पूर्ण लटकून राहिलं तर पायांत रक्त साठतं आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. आमच्याकडे त्यातून सोडवण्याचं वेगळं प्रशिक्षण असतं, घरी तो प्रयोग नको. मधूनमधून उभं राहा, पाय हलवा, पुन्हा बसा. अर्धा तास तरी द्या. मग दोर छातीच्या उंचीवर बांधून मागे रेला, कारण काइट बराच वेळ समोरून वर ओढत असते.

या अर्ध्या तासात काय जाणवतं ते महत्त्वाचं. मांडीची बाहेरची बाजू बधिर होत असेल तर पट्टा खुब्याच्या हाडाच्या पुढच्या टोकावर दाबतो आहे, तो थोडा वर-खाली करून बघा, नाही सुटला तर तो आकार तुमचा नाही. मांडीच्या आतल्या बाजूला कापल्यासारखं होत असेल तर पट्टे अरुंद किंवा जास्त घट्ट आहेत. पाठीच्या खालच्या सपाट हाडावर एकाच ठिकाणी टोचत असेल तर पाठीचा भाग उथळ आहे. आणि हार्नेस ताणल्यावर स्प्रेडर बारच्या दोन्ही टोकांना थोडा पट्टा उरलेला दिसला पाहिजे. बार आणि गादी एकमेकांना भिडली असतील तर पुढे आवळायला जागाच राहत नाही, म्हणजे माप मोठं आहे. बर्फात अर्ध्या तासाने कपडे दबतात आणि सगळं सैल होतं, तेव्हा ती जागा लागते.

निओप्रीन घरीच ठेवा. ते पाणी धरतं, रात्री गोठतं आणि सकाळी फळीसारखं कडक होतं. पाणी न शोषणारा फोम बघा. व्हेल्क्रोमध्ये बर्फ भरला की तो धरत नाही, म्हणून महत्त्वाची जोडणी धातूच्या बकलवर असावी, आणि ते बकल हातमोजे घालून चालवता आलं पाहिजे. हुकाखाली चिकन लूप अडकवून ठेवणारी लवचिक नळी असते, ती थंडीत ताठ होते, तीही मोजे घालूनच बसवून बघा. सेफ्टी लीशची, म्हणजे तुम्हाला काइटशी जोडणाऱ्या सुरक्षा दोरीची, कडी कुठे आहे ते नीट पाहा. रिलीज ढकलल्यावर काइट फक्त त्या लीशवर राहते, म्हणून तिथली पकड मोकळी करणारं बोंड दोन्ही हातांना सापडलं पाहिजे.

तुमचा हार्नेस पाण्यासाठी ठेवा, मंडपमला तो कामाचाच आहे.

मुलुंडची_वाऱ्यावर

दादा, इतकं समजावून कोणीच सांगितलं नव्हतं. ओढ कुठून शिरते हे वाचून माझ्या पाठीचं कोडं उलगडलं. सीट हार्नेसच घेते. तुळईचा प्रश्नही सुटेल, आमच्या सोसायटीच्या जिममध्ये भिंतीत बसवलेला बार आहे.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. पठारावर पाठीवर सॅक असणार, तिचा कमरपट्टा आणि हार्नेस एकमेकांवर कसे बसवायचे? आणि दुसरा प्रश्न बायकांना विचारते: मांडीचे पट्टे लावल्यावर लघवीचं काय करता? चार-पाच तासांत एकदा तरी लागणारच, आणि उघड्या पठारावर वाऱ्यात सगळं उतरवायचं म्हणजे कठीण.

हिमरेषा_ठाणे

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, आणि हा प्रश्न उघडपणे विचारलात याचा आनंद झाला. बायका पाणी कमी पिऊन वेळ मारून नेतात, आणि थंडीत, कोरड्या हवेत ते फार वाईट. भरपूर प्या आणि सोय आधीच करा.

हार्नेस घेताना मागचे, नितंबाखालून जाणारे पट्टे बघा. मांडीचे पट्टे कमरेला मागून ज्या इलॅस्टिकने जोडलेले असतात तिथे छोटं सुटं बकल असेल तर कमरेचा पट्टा आणि हुक न सोडता पट्टे खाली सरकवता येतात. काही हार्नेसमध्ये प्रत्येक पायाचं बकल पूर्ण उघडतं, तेही चालतं. ज्यात पाय घालून चढावं लागतं तो प्रकार स्कीबूट घातल्यावर नकोसा होतो, तो टाळा. पँट बिबची (छातीपर्यंत येणारी, खांद्यांवर पट्टे असलेली) असेल तर मागे किंवा बाजूला पूर्ण चेन असलेली घ्या, आणि बिबचे खांद्याचे पट्टे जॅकेटच्या आत अशा रीतीने असू देत की त्यांना हात लावावा लागणार नाही. उभ्याने करण्यासाठीचं सिलिकॉनचं फनेल मिळतं, ते मला उत्तम जमलं, पण घरी बाथरूममध्ये पूर्ण कपडे घालून सराव केल्याशिवाय नेऊ नका.

एक नियम मात्र पक्का: आधी काइट खाली उतरवा, वाऱ्यात उलगडणार नाही अशी बर्फाने दाबा, बार सोडा, लीश काढा, मगच बकलला हात. काइट हवेत असताना हार्नेसचं कुठलंही बकल उघडायचं नाही, एक मिनिटासाठीही नाही.

पाळीच्या दिवसांत मांडीच्या पट्ट्यांचा घर्षणाचा त्रास वाढतो. आतली शिवण नसलेली लोकरीची थर्मल घ्या. शिवण बरोबर पट्ट्याखाली आली की संध्याकाळपर्यंत कातडी सोलते.

सॅकबद्दल माझा अनुभव असा: आधी हार्नेस, वर सॅक, आणि सॅकचा कमरपट्टा हुकाच्या वरून न बांधता मोकळा सोडायचा किंवा काढूनच ठेवायचा. वजन कमीच ठेवा. छातीचा पट्टा मात्र लावा, नाहीतर पडताना सॅक डोक्यावर येते. सॅकचे लोंबणारे पट्टे हुकापासून लांब खोचून टाका. जास्त सामान असेल तर पठारावर पुल्का, म्हणजे मागे ओढायची घसरगाडी, हा खरा उपाय. ती हार्नेसच्या मागच्या कड्यांना लावतात, म्हणून मागे मजबूत कड्या आहेत का हे घेतानाच विचारा.

ॲव्हलांच ट्रान्सीव्हर (हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला शोधायचं यंत्र) नेणार असाल तर तो जॅकेटच्या आत, पोटाच्या वरच्या भागावर येतो. कंबरेचा हार्नेस सरकून नेमका त्याच्यावर चढतो, सीटचा हार्नेस खालीच राहतो. स्टीलची बार आणि मोबाइल दोन्ही ट्रान्सीव्हरपासून किमान २० सेमी लांब, शोधताना ५० सेमी.

केळवे_किनारा

बर्फावर मी गेलेलो नाही, त्यामुळे जॅकेटवर हार्नेस सरकण्याचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. परळकर दादा, एक विचारतो. बारवर स्थिर हुक घ्यावा की दोरीवर सरकणारा? पाण्यावर मी आता सरकणाराच वापरतो.

दोरावरचा_परळकर

सरकणाऱ्याने ओढ काइटच्या बाजूला जाते आणि खुबे पुढे तोंड करून राहतात, लांब पल्ल्याला ते आरामाचं आहे. पण दोरी घासून झिजते, रोज सकाळी ती बोटाने चाचपून बघावी लागते, आणि दुसरी दोरी जवळ हवी. ताईंना पहिल्या वेळी स्थिर हुक द्या. चिकन लूप कुठे आहे ते न बघता हाताला सापडतं, नव्या माणसाला बर्फात त्याचा फार आधार असतो.

ताई, अजून एक, कारण आपल्याकडे हे हमखास होतं. १५८ सेमी उंचीला मांडीचे पट्टे लांब पडतील. तेव्हा दादरला चपला-बॅगा शिवणाऱ्याकडे नेऊन पट्टा कापून आखूड करून घ्यावा असं वाटेल. तो माणूस हाताचा कितीही चांगला असला तरी ओढ घेणाऱ्या पट्ट्यावर सुई चालवू देऊ नका. कंपनीची ती आडवी दाट शिवण विशिष्ट दोऱ्याने आणि ठरलेल्या टाक्यांत घातलेली असते, आणि सुईची नवी भोकं पडली की वेबिंग तिथेच कमजोर होतं. जास्तीचा पट्टा गुंडाळून इलॅस्टिकच्या रिंगमध्ये अडकवा. पट्टा पूर्ण आवळूनही मांडीशी हाताचा पंजा सहज जात असेल तर एक माप लहान मागवा. माप घेताना टेप जाड कपड्यांवरून, कंबरेला नाही, नितंबांच्या सगळ्यात रुंद भागावर धरा. सीट हार्नेसचा तक्ता त्या मापावर वाचायचा असतो. तुमच्या कंबरेच्या मापाने मागवलात तर तो खुब्यांवरून खाली उतरणारच नाही. दोन मापांच्या मध्ये आलात तर मला इथे आकडे लिहून कळवा, तक्ता बघून सांगतो.